आगीतली मर्यादा

जगात दोनच तऱ्हेची घराणी असतात. एक आगीला भिणारी आणि दुसरी, आगीनंच ज्यांना भ्यावं अशी. धाबेटोल्याचे कापगते दुसऱ्या तऱ्हेत मोडतात, हे केशोराव कापगत्यांनी ओसरीवर खुर्ची टाकून जाहीर केलं, तेव्हा त्यांच्या धोतराचा सोगा पायाशी ठेवलेल्या शेगडीत पडून धुमसत होता.

त्यांच्या बायकोनं, रुख्मिणीबाईंनी, हातातला कप सोग्यावर रिकामा केला. चहा केशोरावांसाठीच आणलेला होता, त्यामुळे धोतर आणि चहा ही दोन्ही नुकसानं एकाच माणसाच्या खात्यावर पडली.

"भ्याली का आग?" रुख्मिणीबाईंनी विचारलं आणि त्या रिकामा कप घेऊन आत गेल्या.

केशोरावांच्या म्हणण्याला आधार नव्हता असं नाही. गावामागचा तलाव त्यांच्या खापरपणजोबानं बांधलेला. त्या तलावाच्या पाणी वापर संस्थेचे केशोराव अध्यक्ष होते आणि निवडणूक आली की गावाला तो खापरपणजोबा हमखास आठवे. घराच्या मागच्या सांदवाडीचं, म्हणजे परसाचं, कुंपण थेट तलावाच्या पाळीला टेकलेलं होतं. अशा घराला आग लागणं म्हणजे मासोळीला तहान लागण्यासारखं, असं त्यांचं मत होतं. तहान मासोळीलाही लागत असेल, पण तिला अजून कोणी विचारलेलं नाही.

हा विषय निघाला होता पुष्पांजलीमुळे. पुष्पांजली म्हणजे केशोरावांचा धाकटा भाऊ लीलाधर याची बायको. गावातल्या निम्म्या बायकांचे ब्लाऊज तिच्या मशीनवर शिवले जात. बचत गटाच्या बैठकीत भंडाऱ्याहून एक बाई आल्या होत्या आणि आगीत घरातून बाहेर कसं पडायचं हे सांगून गेल्या होत्या. घराला बाहेर पडायच्या दोन वाटा मोकळ्या पाहिजेत. वस्तूसाठी मागे फिरायचं नाही. बाहेर पडलं की सगळ्यांनी ठरलेल्या एका झाडाखाली जमायचं, म्हणजे कोण राहिलं ते कळतं.

पुष्पांजली घरी आली आणि तिनं स्वतःचं घर पहिल्यांदाच बघावं तसं बघितलं. ओसरी, मग समोरची खोली, मग मधली, मग सयपाकाची, सगळ्या एकामागे एक, रेल्वेच्या डब्यांसारख्या. पुढचं दार एक. खिडक्यांना चोर आणि माकडं दोघांनाही पुरतील असे लोखंडी गज. सयपाकघरातून सांदवाडीत उघडणारं मागचं दार होतं; पण नुकतंच धान निघालेलं, खरेदी केंद्र अजून सुरू व्हायचं होतं, आणि धानाची पोती त्या दाराला छातीपर्यंत लावून ठेवलेली. समोरच्या खोलीत, दाराच्या बाजूला, रिकाम्या बारदान्याची थप्पी. त्या थप्पीवर लीलाधर आपल्या विजेच्या स्कूटरची बॅटरी काढून आणून चार्जिंगला ठेवी, कारण फरशीवर ठेवली तर तिला ओल लागेल अशी त्याला काळजी वाटे.

हे सगळं केशोरावांना सांगायला हवं होतं. आणि अडचण तिथंच होती.

नवऱ्याच्या थोरल्या भावाला इकडे भासरा म्हणतात. भासऱ्यानं धाकट्याच्या बायकोला हात लावायचा नाही, तिचं नाव घ्यायचं नाही, ती एकटी असेल त्या घरात बसायचं नाही. तिनं त्याच्याशी बोलायचं नाही. गावातल्या पुष्कळ घरांतून ही चाल निघून गेली होती. पण केशोराव अध्यक्ष होते, आणि अध्यक्षाच्या घरातून काही निघून जात नाही. पुष्पांजलीच्या लग्नाला दहा-अकरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत एका छपराखाली राहून दोघांनी एकमेकांशी सरळ शब्द उच्चारला नव्हता. जे काही बोलायचं ते पुष्पांजलीच्या मुलीच्या, रुचीच्या मार्फत. रुची नसली तर रुख्मिणीबाईंच्या. एकदा दोघीही नव्हत्या, तेव्हा पुष्पांजलीनं रांजणाला सांगितलं की मीटरवाला आला आहे, आणि केशोरावांनी रांजणाला सांगितलं की उद्या ये म्हणावं. रांजणानं दोन्ही निरोप चोख पोचवले.

तर त्या सकाळी, धोतर विझल्यावर, दाराआडून आवाज आला.

"रुची, मोठेबाबाले सांग, मागच्या दारापासचे पोते हटवा म्हना."

रुची केशोरावांच्या खुर्चीला टेकूनच उभी होती. "मोठेबाबा, आई म्हनते पोते हटवा."

"ऐकलं. तुह्या मायले सांग, केंद्र चालू झालं का हटतेत."

"आई, मोठेबाबा म्हनतेत..."

"ऐकलं. त्यायले इचार, आगीले थांबाले सांगू का, केंद्र चालू होऊ दे म्हनून?"

रुचीचे डोळे चमकले. असले निरोप पोचवण्यात जी मजा होती ती शाळेत नव्हती. "हे सांगू का आई?"

"नोको सांगू," आतून रुख्मिणीबाई म्हणाल्या.

"सांगाची गरज नाही," केशोराव म्हणाले, "मी काही बहिरा नाही. पन पोते कोठं ठेवू? तुह्या मायच्या मशीनच्या जागेवर ठेवू का, इचार तिले."

मशीनची जागा म्हणजे मधल्या खोलीतला कोपरा. पुष्पांजली लगेच म्हणाली, "ठेवा." रुचीनं निरोप पोचवला. होकाराची केशोरावांनी तयारी ठेवलेली नव्हती. पोती जिथल्या तिथं राहिली.

तरी रविवारी लीलाधरनं बायकोच्या आग्रहाखातर सगळ्यांना गोळा केलं. तालीम करायची ठरली. अंगणाबाहेरचं चिंचेचं झाड जमायची जागा. जो आग पाहील त्यानं सगळ्यांना नावानं हाका मारायच्या, असं पुष्पांजलीनं रुचीमार्फत सुचवलं.

"सगळ्यायले?" केशोरावांनी विचारलं.

लीलाधर चपलेनं माती उकरत म्हणाला, "दादा, आगीत तरी..."

"आगीत मर्यादा जळते का रे?"

या प्रश्नाचं उत्तर लीलाधरकडे होतं, पण ते थोरल्या भावाला देण्यासारखं नव्हतं.

तालीम झाली. केशोराव दारात उभे राहून ओरडले, "रुची! आग! रुची, भाईर!" रुचीनं आईचा हात धरला आणि तिला ओढत झाडाखाली आणलं. लीलाधर स्कूटरची बॅटरी छातीशी धरून सगळ्यांच्या आधी पोचला होता. रुख्मिणीबाई निम्म्यापर्यंत आल्या आणि "दूध उतू जाईन" म्हणत परत गेल्या. त्यांना दोनदा बोलवावं लागलं. शेवटी सगळे चिंचेखाली जमले, तिथंच चहा झाला, आणि तालीम उत्तम झाली असा केशोरावांनी निर्वाळा दिला. चहा पिता पिता पुष्पांजलीनं रुचीकडून एकदा पुन्हा पोत्यांचं विचारून घेतलं.

"केंद्र," केशोराव म्हणाले.

पुढच्या आठवड्यात शेजारच्या गावची मंडई होती. दिवाळीनंतर इकडच्या गावोगाव मंडई भरते. जिलेबी, पाळणे, रात्री दंडार नावाचं लोकनाट्य, आणि पाहुण्यांनी भरलेली घरं. लीलाधर, रुख्मिणीबाई आणि रुची दुपारीच ऑटोनं निघाले. स्कूटरची बॅटरी लीलाधरनं चार्जिंगला लावली, म्हणजे सोमवारी ऑफिसला जायला ती तयार असेल. पुष्पांजलीला ताप होता. ती मधल्या खोलीत गोळी घेऊन पडली. धान राखायला केशोराव मागे राहिले.

भावाची बायको घरात एकटी, म्हणून ते घरात बसले नाहीत. चिंचेखाली खाट टाकली आणि शिष्टाचार म्हणून घराकडे पाठ केली. थोड्या वेळानं रुची वळणावरून धावत आली. प्लास्टिकचा गॉगल विसरला होता. आत गेली, गॉगल डोळ्यांवर चढवून बाहेर आली, "जातो मोठेबाबा" म्हणाली आणि उभ्या ऑटोकडे पळाली. केशोरावांनी हात हलवला आणि डोळे मिटले.

पाठ घराकडे असल्यानं त्यांना आधी वास आला. जळक्या बारदान्याचा नव्हे, काहीतरी आंबट, दवाखान्यासारखा. ते वळले तेव्हा समोरच्या खोलीच्या दारातून पांढरा धूर लोटासारखा बाहेर येत होता आणि आत काहीतरी फटाक्यासारखं फुटत होतं.

केशोराव दाराकडे धावले. हाक मारायला तोंड उघडलं. आणि उघडंच राहिलं.

रुख्मिणी मंडईत होती. लीलाधर मंडईत होता. घरात एकच माणूस होतं आणि त्याचं नाव केशोरावांच्या तोंडात कधी आलेलं नव्हतं. माहीत होतं, रेशन कार्डावर होतं, पत्रिकेवर छापलेलं होतं. पण तोंडात नव्हतं. तोंडानं आपली सवयीची वाट धरली.

"रुची! आग! रुची, भाईर! रुचीऽ!"

धुराच्या पलीकडे मधल्या खोलीच्या दारात पुष्पांजली दिसली. ती उठली होती, डोक्यावर पदरसुद्धा घेतला होता. थप्पी एका बाजूला पेटली होती. दुसऱ्या भिंतीच्या कडेनं वाट अजून मोकळी होती. चार पावलांत ती ओसरीवर आली असती. तिनं केशोरावांकडे बघितलं. त्यांची हाक ऐकली.

आणि ती मागे फिरली.

केशोरावांना काही कळेना. वस्तूसाठी मागे फिरायचं नाही हे हिनंच घरभर शिकवलं, आणि आता हीच फिरली! दागिन्यासाठी? मशीनसाठी? त्यांना राग आला, आणि रागात आवाज चढला. "रुची! अवो रुची! रुचीऽ!" ते जितक्या जोरानं ओरडत होते तितकी ती आत आत जात होती. आतून ती काहीतरी ओरडत होती, पण छपराची कवेलू तडतडायला लागली होती आणि शब्द कळत नव्हते.

मग थप्पी कोसळली आणि समोरची वाट उरली नाही.

केशोराव घराला वळसा घालून सांदवाडीत धावले. समोर तलाव काठोकाठ भरलेला, बगळे बसलेले. मोटार होती, पाइप होता. वीज मीटरसकट जळत होती. त्यांनी मागच्या दाराला खांदा लावला. पलीकडून पोतं ओढल्याचा आवाज येत होता. पलीकडून ती ओढत होती, अलीकडून हे ढकलत होते, आणि दोघांच्या मधे यंदाचं सगळं धान उभं होतं. चांगलं पीक होतं. केशोरावांनी मोजून, दाबून भरलं होतं.

दार हललं. वितभर, मग अजून थोडं. माणूस आडवं होऊन निघेल एवढी फट झाली. त्या फटीतून धूर आला आणि धुरातून एक हात आला, बोटं पसरलेला.

केशोराव त्या हाताकडे बघत राहिले. किती वेळ, हे त्यांना नंतर कधी सांगता आलं नाही. फार नसावा. तेवढ्यात त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, त्याचं टोक त्या हातात दिलं, दुसरं टोक आपल्या मुठीला गुंडाळलं आणि सगळ्या ताकदीनं ओढलं.

दुपट्टा आला. ती नाही आली.

दुपट्ट्याच्या टोकाला काहीतरी चिकटलं होतं. ते काय आहे हे त्यांनी बघितलं आणि पुन्हा बघितलं नाही.

मग कोणीतरी त्यांना बाजूला लोटलं. समोर सायकल दुरुस्तीचं दुकान चालवणारा गोवर्धन होता, हातात सब्बल घेऊन. त्यानं बिजागरी उचकटली, दार पडलं, पोती गडगडली, आणि तो पोत्यांवरून आत गेला. बाहेर आला तो पुष्पांजलीला काखेत धरून, केसांना धरून, जसं हाती लागेल तसं फरफटत. तिला त्यानं तलावाच्या पाण्यात आडवं केलं. तिच्या तोंडातून आवाज येत होता. एकच शब्द, पुन्हा पुन्हा. गोवर्धन कान लावून म्हणाला, "पोट्टीचं नाव घेऊन राहिली."

"पोट्टी मंडईले गेली," केशोराव म्हणाले. ते गोवर्धनला म्हणाले.

बंब आला तेव्हा भिंती उभ्या होत्या आणि त्यांच्यात आकाश होतं. ॲम्ब्युलन्स पुष्पांजलीला गोंदियाच्या दवाखान्यात घेऊन गेली. लीलाधर आणि रुख्मिणीबाई तिच्यासोबत गेले. रुचीला मामाच्या गावी पोचवलं.

दोन दिवसांनी रुख्मिणीबाई कपडे न्यायला गावात आल्या. कपडे जळलेले होते, तरी सवयीनं आल्या. केशोराव शाळेच्या ओसरीत राहत होते. रुख्मिणीबाई समोर उभ्या राहिल्या, बसल्या नाहीत.

"काऊन फिरली ते मागं, म्हाईत आहे का तुमाले?"

"नाही."

"तापात पडली होती. रुची गॉगल घ्याले आली ते आयकलं, गेली ते नाही आयकलं. तुमी रुची-रुची बोंबलले. तिले वाटलं पोरगी घरातच, आंदी हाये. खाटीखाली शोधलं तिनं. कोठीत शोधलं. अजी, धान्याच्या ढोलीत हात घालून शोधलं." त्या थांबल्या. "तिचं नाव घेतलं असतं तं ते चालत भाईर आली असती."

रुख्मिणीबाईंना उत्तर नको होतं. त्यांची बस होती.

गावाचं मत मात्र वेगळं पडलं. गावाचं मत नेहमी जळालेल्या घरापासून सुरक्षित अंतरावर तयार होतं. ताराचंद पाटील म्हणाले, "मानला पाहिजे केशोरावले. घर जळून राहिलं, पन मर्यादा नाही सोडली. दुपट्टा देल्ला, हात नाही देल्ला." हे वाक्य चहाच्या टपरीवर गेलं, तिथून समाजाच्या बैठकीत गेलं, आणि बैठकीत सत्काराचं ठरलं. गोवर्धनविषयी मत जरा नाराजीचं होतं. माणूस धाडसाचा, यात शंका नाही. पण परक्या बाईला ओढायची काही रीत असते. पदर कुठं, केस कुठं. एकदोघांनी त्याला तसं बोलूनही दाखवलं. तो पंक्चर काढत होता. त्यानं ट्यूब पाण्यात बुडवली आणि बुडबुडे बघत बसला.

सत्कार समाजभवनात झाला. केशोरावांना नकार द्यायचा होता, पण नकार द्यायला उठून उभं राहावं लागतं, आणि ते उभे राहिले तेवढ्यात त्यांच्या अंगावर शाल पडली. टाळ्या वाजल्या. हातात नारळ आला. "दोन शब्द बोला अध्यक्ष," ताराचंद पाटील म्हणाले. केशोरावांनी तोंड उघडलं. त्यांना वाटलं आता दुसरं काही न येता एकच नाव बाहेर पडेल, भलत्या ठिकाणी, भलत्या माणसांपुढे. त्यांनी तोंड मिटलं. लोकांना गहिवर वाटला. टाळ्या पुन्हा वाजल्या.

शाल त्यांनी भवनातच खुर्चीवर ठेवली आणि दुसऱ्या सकाळी गोंदियाची बस पकडली.

बसमध्ये ते खिडकीशी बसले आणि नाव म्हणून बघायला लागले. आधी मनात. मग ओठांत. कोहमाऱ्याच्या पुढे जंगल लागलं तेव्हा थोडं मोठ्यानं. मोठं नाव होतं, तोंड भरून येत होतं. शेजारचा माणूस म्हणाला, "काका, तबियत ठीक है ना?" केशोराव म्हणाले, ठीक आहे. गोंदिया येईपर्यंत त्यांनी नावाच्या पुढचंही सगळं जुळवलं होतं. हात कुणाचा पुढे यायला हवा होता. पोती कुणी रचली. मर्यादा कुणाची आणि किंमत कुणी दिली. शब्द चांगले होते. खापरपणजोबालाही सुचले नसते.

जळालेल्यांच्या वॉर्डात पुष्पांजली मच्छरदाणीत होती. चेहऱ्याची एक बाजू पांढऱ्या मलमाखाली. उजवा हात बांधलेला. बोटं एकमेकांना चिकटली आहेत, ऑपरेशननं सुटली तरी सुई धरता येईल असं नाही, असं डॉक्टरांनी लीलाधरला सांगितलं होतं. धुरानं छाती भरली होती, आणि त्याविषयी डॉक्टर काही सांगत नव्हते. लीलाधरनं भाड्यानं आणलेला टेबलपंखा पायथ्याशी स्टुलावर घरघरत होता. रुख्मिणीबाई उशाशी बसून ओल्या कापसानं तिचे ओठ पुसत होत्या.

केशोराव पलंगाच्या पायथ्याशी येऊन उभे राहिले. हात जोडावेत की खाली ठेवावेत हे ठरेना. शेवटी त्यांनी पलंगाचा गज धरला.

"पुष्पांजली," ते म्हणाले.

लीलाधरनं मान वर केली. रुख्मिणीबाईंचा कापूस हवेत थांबला. शेजारच्या पलंगावरची बाई कण्हायची थांबली, निदान तसं वाटलं.

"पुष्पांजली, हात माहा पुढं याले पाह्यजे होता," केशोराव म्हणाले. "तुहं नाव माह्या तोंडातून निंगाले पाह्यजे होतं. ते निंगालं नाही, म्हनून तू आंदी गेली. दार म्या बंद केलं, धान म्या रचलं, अन लोकायनं मले शाल देल्ली. आजपासून आपल्या घरात भासरा नाही, भावसून नाही. आजपासून, पुष्पांजली, तू मले जे बोलसील ते मी आयकीन. शिव्या देजो. थुंकजो माह्यावर. पन बोल. सरळ बोल."

ते थांबले. इतकं लांब आणि इतकं खरं ते आयुष्यात बोलले नव्हते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला खांद्यावर दुपट्टा नव्हता.

पुष्पांजलीनं डोळे उघडले. दहा-अकरा वर्षांत पहिल्यांदा तिनं भासऱ्याकडे थेट बघितलं. ओठ हलले. रुख्मिणीबाई वाकल्या, लीलाधर उठून उभा राहिला, केशोरावांनी गज घट्ट धरला. भुशातून वारा जावा तसा आवाज आला.

"भाऊजी, जरा बाजूले सरका. पंख्याची हवा अडून राहिली."